मुलगी ३१ सीनमध्ये आहे, पण ठरवतं कोण?

पत्र :

‘आम्ही नागपुरातल्या सात-आठ हौशी मंडळींनी मुलांसाठी ८० मिनिटांचा साहसपट करायला घेतला आहे. पटकथा मी लिहिली; ती आणि सीन-यादी सोबत जोडली आहे. सिनेमा शाळाशाळांत दाखवायचा आहे. धरमपेठेतली भावंडं, आर्यन (१३) आणि ओवी (९), मे महिन्यात देवलापारजवळ मामाच्या शेतावर जातात. त्यांचा कुत्रा शेरू पेंचच्या जंगलात पळतो. त्याला शोधताना दोघं वाट चुकतात. तिथं त्यांना वनी नावाची ११ वर्षांची गोंड मुलगी भेटते. मग पूर आलेला नाला, वाघ, फासेपारध्यांची शिकारी टोळी, मदतीला धावणारा मुका चौकीदार. शेवटी आर्यन टोळीला पकडून देतो आणि गावासमोर जंगल वाचवण्याबद्दल बोलतो. आमच्यातल्या एका मैत्रिणीनं वाचून सांगितलं, “वनी नुसती गाईड आहे गं. आणि बाकीही बरंच खटकतं.” वनी तर ५४ पैकी ३१ सीनमध्ये आहे! मग चुकलं काय? दुरुस्त करताना सिनेमाचं भाषण होऊ नये यासाठी काय करू? आणि वऱ्हाडी बोली ठेवू की काढू? – एक शिक्षिका, मानेवाडा रोड, नागपूर’

नमस्कार.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं बरोबर आहे. पण नुसतं ‘गाईड आहे’ म्हटल्यानं तुमच्या हाती काही लागत नाही, म्हणून आधी मोजमाप करू. तुम्ही सीन मोजले. आता निर्णय मोजा. वहीचं एक पान आडवं धरून चार रकाने आखा : सीनचा आकडा, या सीनमध्ये कोणाला काय हवं आहे, पुढं काय करायचं हे कोणी ठरवलं, आणि त्यापायी कोणाचं काय गेलं. सारांशावरून नको, संवादांवरूनच भरा. ५४ सीनला दोन संध्याकाळी पुरतात.

तुमच्या सीन-यादीवरून मी हे करून पाहिलं. वनी ३१ सीनमध्ये आहे आणि निर्णय घेते दोन. एक, ‘इकडून चला’. दुसरा, ‘इथं थांबा’. दोन्ही आर्यनच्या प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत. चौथ्या रकान्यात तिच्या नावासमोर काहीच नाही; तिचं काही जातच नाही, कारण तिला काही हवंच नव्हतं. ती सकाळी जंगलात कशाला आली होती हे पटकथेत कुठंही लिहिलेलं नाही. आर्यनला कुत्रा हवा आहे, टोळीला कातडं हवं आहे, वनीला आर्यन सुखरूप घरी जायला हवा आहे. गाईड म्हणतात तो याला. ओवीचं तर त्याहून वाईट. ती तीनदा रडते, दोनदा पडते, एकदा तिला उचलून न्यावं लागतं. निर्णय शून्य.

दोन बायका एकमेकींशी पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का, ही ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका चित्रपट्टीतून आलेली कसोटी तुम्हाला माहीत असेल. तुमची पटकथा त्यात उत्तीर्ण होते, कारण ओवी आणि वनी जांभळांबद्दल बोलतात. त्या कसोटीची धाव तेवढीच. पडद्यावर कोण दिसतं ते ती सांगते, गोष्ट कोण हाकतं ते नाही.

आता दुरुस्ती. वनीला स्वतःचं काम द्या. असं काम, जे या मुलांच्या नादी लागलं तर बुडेल. ते शोधायला लांब जायला नको, तुमचा महिनाच ते देतो. तुम्ही मे महिन्यात मोहफुलं वेचताना दाखवली आहेत. मोह पडतो मार्च-एप्रिलमध्ये, मे उजाडेपर्यंत फुलं संपलेली असतात. मे महिना तेंदूपानाचा. घरचे लोक पहाटे अंधारातच निघतात, ऊन चढायच्या आत पानं घेऊन परततात, दुपारी सावलीत बसून पुडे बांधतात आणि नंतर फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन मोजून देतात. किती पुडे दिले त्याची नोंद कार्डावर होते आणि त्या नोंदीवर पैसे मिळतात. वनीच्या आजीच्या कार्डावर चार दिवसांची नोंद राहून गेली आहे असं धरा. फळीवरचा मुनशी चार वाजेपर्यंत बसतो आणि उद्या फळी उठणार. वनी कार्ड घेऊन निघाली आहे, आणि वाटेत ही दोघं भेटतात.

एवढ्या एका बदलानं तिचे ३१ च्या ३१ सीन बदलतात. ती थांबली, तर स्वतःचा वेळ खर्च करून थांबली. चिडली, तर चिडायला कारण आहे. प्रेक्षक घड्याळाकडे बघायला लागतो, ते वेगळंच. साहसपटाला घड्याळ लागतंच, आणि तुमच्या पटकथेत ते नव्हतं.

नाव मात्र बदला. वनी, झुमरी, रानी ही शहरातल्या लेखकांनी आदिवासी मुलींना ठेवलेली नावं आहेत. देवलापार भागातल्या कुठल्याही शाळेचा हजेरीपट पाहा. आडनावं उईके, कुमरे, धुर्वे, मडावी. नावं तुमच्या वर्गातल्या मुलींचीच. इथं मी तिला प्राची उईके म्हणतो.

पूर आलेल्या नाल्याचं काय? मे महिन्यात त्या भागातले बहुतेक नाले कोरडे ठणठणीत असतात. पूर हवाच असेल तर गोष्ट जुलैत न्यावी लागेल. पण तेव्हा विदर्भातल्या शाळा सुरू झालेल्या असतात, पेंचच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं आणि तेंदू संपलेला असतो. पूर सोडा. कोरडा नाला जास्त उपयोगी आहे, कारण त्यात झिरा, म्हणजे पाण्यासाठी वाळूत खड्डा, खोदता येतो. तुमचा सीन २३ सध्या असा आहे :

आर्यन : आपण उत्तरेकडे जाऊया. धरण तिकडेच असणार.
वनी : हव दादा, चला. म्या वाट दावतो.

तो पुढीलप्रमाणे करून बघा.

‘सीन २३. बाहेर. कोरडा नाला. दुपार.

ओवी वाळूत बसली आहे. आर्यन खडकावर चढून मोबाइल उंच धरतो.

आर्यन : टॉवर येऊनच नाही राहिला.

ओवी हातानं वाळू उकरते.

प्राची : तिथं नको. वळणावर खोद. करंजाखाली.
ओवी : तुला कसं माहीत?
प्राची : मागच्या वर्षी मी तुझ्याच जागेवर खोदलं होतं. काहीच नाही निघालं. आई खूप रागावली.

दोघी वळणावर जातात. कोपरभर खोल गेल्यावर वाळू गडद होते. तळाशी पाणी पाझरतं, गढूळ. ओवी ओंजळ पुढं करते. प्राची तिचा हात धरते, पळसाच्या पानानं ते पाणी बाहेर टाकते. पुन्हा भरू देते. पुन्हा टाकते.

आर्यन (वरूनच) : धरणाकडे गेलो तर टॉवर मिळेल. बाबांना फोन लावू, ते गाडी पाठवतील.
प्राची : जा मग.
आर्यन : तू दाखव ना रस्ता.
प्राची : फळी तिकडं नाही.

ती खिशातली प्लास्टिकची पिशवी चाचपते. आत घडी घातलेलं कार्ड.

ओवी : चारच्या आत नाही पोचलीस तर?
प्राची : चार दिवसांचे पुडे गेले.

पाणी आता नितळ झालं आहे. प्राची फडक्यातून गाळून ओवीला देते, मग स्वतः पिते. उठते आणि चालायला लागते. ओवी एकदा भावाकडे बघते आणि तिच्यामागे निघते. आर्यन खडकावर एकटा, हातात मोबाइल.’

यात पाच गोष्टी आहेत, शूटिंगच्या दिवशी विसरू नका. एक, प्राचीचं ज्ञान कुठून आलं ते कळतं : ती एकदा चुकली होती, आईनं रागावून शिकवलं. तुमच्या मूळ पटकथेत वनीला सगळं आपोआप येतं, वाघसुद्धा तिचं ऐकतो. न शिकता आलेलं ज्ञान म्हणजे जादू, आणि जंगलातल्या माणसाला जादूगार केलं की त्याचं माणूसपण गेलं. दोन, झिरा खोदायची खरी रीत दिसते : वळणावर, हिरव्या झाडाजवळ, पहिलं गढूळ पाणी दोन-तीनदा उपसून. तीन, निर्णय दोघी घेतात, आर्यन नाही. चौथी, आर्यन खलनायक होत नाही; तो फक्त चुकीच्या वस्तूवर भरवसा ठेवून बसलेला मुलगा आहे, आणि नागपुरातला प्रत्येक पालक त्याला ओळखेल. पाचवी छोटी आहे. गाळलं तरी ते पाणी स्वच्छ नसतं. आर्यन धावत येऊन घाईघाईनं न गाळलेलं पिऊ दे आणि रात्री त्याचं पोट बिघडू दे. पोरं हसतील, आणि घरी कोणी प्रयोग करणार नाही.

झिऱ्यापाशी त्यांना मुक्कामाला मात्र बसवू नका. सीन २९ मध्ये तुम्ही तिघांना संध्याकाळी पाणवठ्याकाठी झोपवलं आहे. उन्हाळ्यात अख्खं जंगल संध्याकाळी पाण्यावर येतं. तिथल्या गावातलं कुठलंही पोर त्या वेळी तिथं थांबणार नाही. वाघाचंही तेच. वाघ समोर येऊन डरकाळी फोडतो आणि वनी हात वर करून त्याला परत पाठवते, हा सीन काढून टाका. त्याऐवजी वाघ ऐकू येऊ दे. चितळ ओरडतं, वरून वानर खॅक-खॅक करतं, प्राची थांबते पण घाबरत नाही, कारण चितळ कशालाही बिचकतं. मग सांबर ओरडतं, आणि तेव्हा तिचा चेहरा बदलतो. आवाजांची ही उतरंड प्रेक्षक एका मिनिटात शिकतो, आणि पुढच्या वेळी सांबर ओरडलं की थिएटर गप्प बसतं. खर्चही ध्वनिमुद्रणापुरता.

आता टोळी. ही तुमच्या पटकथेतली सगळ्यात मोठी चूक आहे आणि पत्रात तुम्ही ती सहज, एका ओळीत लिहून गेलात. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यानं पुसला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पारध्यांच्या पोरांना शाळेत आजही तो शिक्का ऐकावा लागतो. तुमचा सिनेमा शाळाशाळांत दाखवायचा म्हणता, त्या बाकावर एखादं पारध्याचं पोर बसलेलं असेल. ‘फासेपारधी’ शब्द काढून नुसतं ‘टोळी’ लिहिलं, पण मिशा, डोक्याचं फडकं आणि बोली तीच ठेवली, तर शब्द काढून उपयोग नाही.

आणि टोळी लागतेच कशाला? विदर्भात वाघ मरतो तो प्रत्येक वेळी कातड्याच्या धंद्यापायी नव्हे. रानडुकरांनी पीक खाऊ नये म्हणून शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या करंटनंही वाघ मरतात. शेत कोणाचं? मामाचं. उन्हाळी भुईमूग उभा आहे, डुकरांनी अर्धा वावर उकरला आहे, मामा आठ रात्री मचाणावर जागला आहे. नुकसानभरपाईचा अर्ज दिला आहे, पैसे आलेले नाहीत. मग एका रात्री तो तारेत थेट लाइन सोडतो. शेरूला ओझरता चटका बसला तो याच तारेचा. कुत्रा भिऊन जंगलात पळाला तो त्यामुळे. पहिल्या सीनमधलं रहस्य आणि शेवटचा गुन्हेगार एकाच धाग्यात आले, आणि गुन्हेगार भावंडांचा लाडका मामा निघाला.

इथं तुमचा विषय येतो. सध्या तो आर्यनच्या तोंडी आहे : ‘झाडं आपले मित्र आहेत...’ ते दीड पान भाषण सगळं कापा. पूर्वीची गोष्ट ‘जंगल वाचवा’ म्हणत होती, आणि त्याला ‘नाही’ म्हणणारं सभागृहात कोणीच नसतं. म्हणून ते कितीही सुंदर लिहिलं तरी भाषणच वाटणार. नव्या गोष्टीत प्रश्न वेगळा आहे : खरं बोलणं कोणाला परवडतं? मामाच्या तारेत करंट असतो हे प्राचीला आधीपासून माहीत आहे. तिच्या बाबालाही. पण बाबा त्याच वावरात मजुरीला जातो. ती बोलली तर घरात येणारी मजुरी थांबते. ओवी बोलली तर मामा दोन दिवस रुसेल. ही तफावत पडद्यावर कोणी समजावून सांगायची नाही. फक्त एक सीन हवा, ज्यात ओवी विचारते, ‘तू आधी का नाही सांगितलंस?’ आणि प्राची उत्तर देत नाही, पुडे बांधत राहते. मुलांना ते कळतं. मोठ्यांना तर कळतंच.

मग सांगायचं कोणी? आर्यननं पोलिसांना फोन करून नव्हे, आणि प्राचीनं सगळ्यांसमोर हिमतीनं बोलूनही नव्हे. दुसऱ्या प्रकारात किंमत पुन्हा तिनंच मोजली. ओवीनं सांगावं, रात्री जेवताना, पानावर. आईनं, जी सध्या पटकथेत डबा भरण्यापुरती आहे, तिनं त्या वेळी भावाकडे बघावं आणि काहीतरी बोलावं. काय ते तुम्ही लिहा, ती तिची पहिली खरी ओळ असेल. मामा मेन स्विच बंद करायला उठतो, तिथं सीन तोडा. प्राचीच्या कार्डाचा प्रश्न मात्र शहरातल्या मुलांनी सोडवू नये. ती चारला पोचत नाही, मुनशी उठलेला असतो. दुसऱ्या दिवशी आजी आणि ती दोघी जाऊन भांडून नोंद करून घेतात. आर्यन मागं उभा, पाण्याची बाटली धरून.

तारेबद्दल खबरदारी. तार लाइनला कशी जोडली ते दाखवू नका, आकडा टाकतानाचा शॉटसुद्धा नको. परिणाम दाखवा : कुंपणालगतचं करपलेलं गवत, मेलेला मोर. मुलांना फरक कळायला हवा असेल तर शेजारच्या वावरात झटका मशीन असू दे. झटका मशीन साधारण सेकंदाला एक क्षणभराचा धक्का देतं. जनावर दचकून मागं सरतं. थेट लाइनच्या करंटला खंड नसतो, स्नायू आखडतात, सुटता येत नाही. चौकीदाराला हे दोन वाक्यांत सांगता येईल.

हो, चौकीदार. तो मुका आहे आणि शेवटच्या सीनमध्ये ‘वाघ!’ असं ओरडतो. लिहिताना छान वाटतं, पण ज्या मुलाला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही त्याला यातून कळतं की मनापासून प्रयत्न केला असता तर बोलता आलं असतं. चौकीदार शेवटपर्यंत न बोलणाराच राहू दे. भारतीय सांकेतिक भाषा येणारा नट घ्या, किंवा नटाला आधी चार-सहा आठवडे शिकवा; चार हातवारे जमवून भागवू नका, ती भाषा येणाऱ्याला ते लगेच कळतं. मग झटका मशीन आणि थेट लाइन यांतला फरक तो खुणांनीच समजावेल आणि प्राची मराठीत सांगेल, कारण ती त्याला रोज भेटते. विनोद करायला हरकत नाही. ८ जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं फरक सांगितला आहे : अपंगत्व समजून घेऊन केलेला विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली दाखवणारा विनोद वेगळा. चौकीदारानं आर्यनच्या चुकीच्या खुणांवर हसावं. आर्यननं त्याच्यावर नको.

आता बोली, कारण तुम्ही थेट विचारलं आहे. बोली ठेवा, पण वाटणी बदला. सध्या धरमपेठेतली भावंडं ‘जाऊया’, ‘करूया’ अशी पुणेरी छापाची भाषा बोलतात. मजूर, चौकीदाराचा भाऊ आणि वनी ‘म्या दावतो’, ‘काहून’, ‘लय’ बोलतात, आणि जवळपास प्रत्येक हशा त्यांच्या वाक्यावर आहे. मराठी पडद्यावर वऱ्हाडी बोली आली की नोकर किंवा विदूषक आला, ही सवय आपणच खपवून घेतली. धरमपेठेतल्या घरातसुद्धा ‘काय करून राहिला बे’ म्हणतातच. आर्यनच्या तोंडी ते येऊ दे, बाबांच्या फोनवरच्या बोलण्यात येऊ दे, गंभीर सीनमध्येही येऊ दे. तुमचं ‘म्या दावतो’ तर देवलापारचंही नाही, ते तमाशापटांतून उचललेलं आहे. प्राचीसाठी दुसरी दिशा घ्या. शाळेत शिकलेली मराठी ही तिची दुसरी किंवा तिसरी भाषा असू शकते, शेजारी मध्य प्रदेश असल्यानं हिंदीही कानावर असते. म्हणून तिची मराठी उलट थोडी पुस्तकी, जपून बोललेली असेल. ओवीपेक्षा ती शुद्ध बोलते, यात एक सुंदर गंमत आहे.

गोंडी संवाद तुम्ही स्वतः लिहू नका आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या गोंडी येणाऱ्याकडून करून घेऊ नका. गडचिरोलीची आणि पेंचकडची गोंडी एकच नव्हे. काही गावांत आता घरात आजीलाच ती नीट येते, तेही खरं दाखवता येईल. मराठीत लिहा, आणि त्याच पट्ट्यातल्या माणसाकडून गोंडी करून घ्या. सबटायटल कुठं द्यायचं ते मात्र तुम्हीच ठरवा, कारण तो दिग्दर्शनाचा निर्णय आहे. आजी आणि प्राची गोंडीत बोलतात, आर्यन-ओवी समोर बसलेली. सबटायटल दिलं नाही तर प्रेक्षक भावंडांच्या बाजूला बसतो, त्याला काही कळत नाही. दिलं तर तो आजीच्या घरात बसतो आणि भावंडं बाहेरची होतात. तुमच्या सिनेमात निदान एकदा दुसरा प्रकार व्हायला हवा, आणि आजीनं त्यात आर्यनबद्दल काहीतरी खोचक बोलावं.

नेपथ्याच्या चुका भराभर सांगतो. आजीच्या भिंतीवर तुम्ही वारली चित्रं लिहिली आहेत आणि पार्श्वसंगीतात तारपा. दोन्ही पालघर-ठाण्याकडच्या वारल्यांचं, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचं. जी ‘गोंड चित्रं’ म्हणून बाजारात दिसतात ती शैली मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या चित्रकारापासून पुढं आली. तीही तुमच्या गावाच्या भिंतीवर आपोआप येणार नाही. शूटिंगच्या गावात भिंती जशा आहेत तशाच ठेवा. पिसांचा मुकुट, पानांचा घागरा नको. तेंदू तोडायला निघालेली मुलगी बाबाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, डोक्याला ओढणी गुंडाळते, पायात प्लास्टिकची चप्पल. आणि गोऱ्या मुलीला काळं फासून प्राची करायची नाही. त्या पट्ट्यातली गोंड मुलगी शोधा.

विचारायला जाल तेव्हा पटकथा वाचायला देऊन निघून येऊ नका. गावात बसून वाचून दाखवा, दोन बैठकांत, बायका आणि मुलांची बैठक वेगळी. तेंदूच्या दिवसांत सकाळी जाऊ नका. दिवसभर बसवलं तर मजुरी बुडते, ती द्या. गोंडी भाषांतर करणाऱ्याला मानधन आणि श्रेयनामावलीत नाव द्या. तीनच प्रश्न विचारा : हे इथं होतं का? कोणाचं वाईट दिसतं? कोणी हसलं तर ते कोणावर? सगळ्यात कडवट बोलणाऱ्याला परत बोलवा. डिस्नेनं २०१३ मध्ये मेक्सिकोच्या मृतांच्या सणाचं नावच ट्रेडमार्क करायला घेतलं, ओरड झाल्यावर अर्ज मागं घेतला, आणि नंतर ‘कोको’ या चित्रपटासाठी त्याच ओरड करणाऱ्यांतल्या एका व्यंगचित्रकाराला सल्लागार म्हणून घेतलं. आधी विचारलं असतं तर स्वस्तात पडलं असतं.

शेवटी कागदपत्रं, कारण तीन मुलं आणि एक कुत्रा घेऊन शूटिंग आहे. बालकलाकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती, आणि मोबदल्याच्या किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. प्राचीचं काम करणाऱ्या मुलीलाही हे सगळं तितकंच लागू. ‘गावातलीच आहे, खाऊ देऊ’ चालणार नाही. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत ते पाच तास सकाळी सहा ते अकराच समजा. शेरूसाठी भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी आधी घ्या. खरा वाघ, बिबट किंवा अस्वल शूटिंगला आणताच येत नाही, म्हणून तो सांबराचा आवाज पुन्हा उपयोगी पडेल. व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा न्यायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. कोरडा नाला आणि करंज मात्र मामाच्या शेतालगतही मिळतो. सिनेमागृहात दाखवणार असाल तर २०२४ च्या नियमांनुसार ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत, मेलेल्या मोराचा शॉट किती जवळून घ्यायचा ते ‘यू’ किंवा ‘यूए ७+’ डोळ्यांसमोर ठेवून आत्ताच ठरवा.

ताजा कलममध्ये तुम्ही नाव विचारलं आहे. ‘जंगलची राणी’ नको. प्राचीला राणी व्हायचं नाही, तिला कार्डावर नोंद हवी आहे. ‘चार वाजेपर्यंत’ कसं वाटतं बघा. आणि नवा मसुदा झाला की तेच चार रकाने पुन्हा आखून भरा. प्राचीच्या नावासमोर आठ-दहा निर्णय आले, ओवीच्या पाच-सहा आणि आर्यनच्या तितकेच, तर तो मसुदा मैत्रिणीला द्या.